लेफ्ट जॉइन लावला तरी रेकॉर्ड गायब? ओरॅकल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर, सगळीकडे निघणारा एकच फॉल्ट आणि तो शोधायचा क्रम

"यंदा कोणाचा माल आलाच नाही, त्यांची यादी काढून द्या." एवढीच मागणी असते, आणि रिपोर्टमधून नेमके तेच लोक गायब असतात. माझं काम रिपोर्टचं. सातपूर-अंबडचे कारखाने, पिंपळगाव-दिंडोरीकडची द्राक्षाची पॅकहाऊस, लासलगावचे कांदा व्यापारी, दर ठिकाणी डेटाबेस वेगळा. कुठे जुनं ओरॅकल, कुठे एसक्यूएल सर्व्हर, कुठे मायएसक्यूएल, आणि अजूनही कुठे कुठे अ‍ॅक्सेसची फाइल. आउटर जॉइनचा त्रास मात्र सगळीकडे तोच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. आउटर जॉइन म्हणजे दोन टेबलं जोडताना न जुळलेल्या ओळीही ठेवणारा जोड, त्यातला लेफ्ट जॉइन डावीकडच्या, म्हणजे आधी लिहिलेल्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवतो. क्वेरीतले शब्द इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना ते इंग्रजीत टाकायचे, चिन्हं आणि कंस जसेच्या तसे.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढचं वाचा:

- लेफ्ट जॉइन लिहिलाय, तरी ज्यांची एंट्री नाही ते रेकॉर्ड येत नाहीत. म्हणजे साधा इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी देणारा) लावल्यासारखंच उत्तर येतं.
- उलटा प्रकार, रेकॉर्ड जास्त येतात, एकच शेतकरी चार-सहा वेळा दिसतो आणि किलोची बेरीज फुगते.
- एकाही एंट्रीचा पत्ता नाही तरी काउंट १ दाखवतो.
- एका डेटाबेसवर नीट चालणारी क्वेरी दुसरीकडे नेली की एरर येते. किंवा एरर येत नाही पण आकडा बदलतो, आणि हे जास्त धोक्याचं, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.
- फुल जॉइन (दोन्ही टेबलांच्या न जुळलेल्या ओळी ठेवणारा) लिहिला की मायएसक्यूएल अडतं.
- रिपोर्ट कालपर्यंत बरोबर होता, सर्व्हर बदलल्यापासून काही नावं गळतात.

उदाहरणासाठी दोनच टेबल घेऊ. प्लॉट टेबलमध्ये पाच प्लॉट: १०१ आणि १०४ दिंडोरीचे, १०२ आणि १०३ निफाडचे, १०५ चांदवडचा. आवक टेबलमध्ये चार एंट्री: १०१ च्या २०२४ च्या दोन, १२०० आणि ८०० किलो, १०२ ची २०२४ ची एक, १५०० किलो, आणि १०४ ची एकच, ९०० किलो, पण ती २०२३ ची. १०३ आणि १०५ ची एंट्रीच नाही. हे कागदावर लिहून समोर ठेवा, पुढचं सगळं याच्यावरच आहे.

पहिलं काम: डावीकडच्या टेबलाची मोजणी

फुकटचं काम आहे, मिनिटभर लागतं, आणि बहुतेक जण हेच करत नाहीत. जे टेबल पूर्ण यायला पाहिजे, म्हणजे इथे प्लॉट, त्याचा एकट्याचा काउंट काढा, जॉइन बिन काही नको. मग तुमच्या क्वेरीत वेगवेगळे प्लॉट किती येतात ते काउंट डिस्टिंक्टने काढा आणि एकूण ओळी किती येतात तेही काढा. आपल्याकडे प्लॉट पाच आहेत. वेगळे प्लॉट पाचपेक्षा कमी आले तर कुठेतरी अट रेकॉर्ड खातीये. वेगळे पाच पण एकूण ओळी अपेक्षेपेक्षा जास्त, तर उजवीकडे एकाला अनेक जुळतायत. ओळीही बरोबर पण किलो रिकामे, तर जुळणीच होत नाहीये, म्हणजे दोष कोडात किंवा डेटात. तिन्ही दोष वेगळे, तिन्हींचे उपाय वेगळे. हे न मोजता क्वेरीत इकडे तिकडे बदल करत बसलं की दिवस जातो आणि शेवटी कशामुळे सुधारलं तेही कळत नाही.

दुसरं: व्हेअरमध्ये उजव्या टेबलाची अट आहे का

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, त्यामुळे इथे थोडं थांबून सांगतो. खालच्या क्वेरीत प म्हणजे प्लॉट टेबल आणि आ म्हणजे आवक, ऑन म्हणजे जुळवायची अट आणि व्हेअर म्हणजे नंतरची चाळणी.

सिलेक्ट प.प्लॉट_क्र, आ.किलो
फ्रॉम प्लॉट प
लेफ्ट जॉइन आवक आ ऑन आ.प्लॉट_क्र = प.प्लॉट_क्र
व्हेअर आ.हंगाम = २०२४

दिसायला निर्दोष. उत्तर येतं तीन ओळी: १०१, १०१, १०२. बाकीचे तीन प्लॉट गेले. का, तर लेफ्ट जॉइनने १०३ आणि १०५ आणले होते, आवकचे कॉलम नल, म्हणजे किंमतच नाही असे रिकामे, ठेवून आणले होते, पण व्हेअर त्याच्यानंतर लागतं आणि नल बरोबर २०२४ ही तुलना खरी ठरत नाही, खोटीही ठरत नाही, अज्ञात ठरते, आणि व्हेअर फक्त खऱ्या ओळी पुढे सोडतं. म्हणजे जॉइनने जे वाचवलं ते पुढच्याच ओळीत फेकून दिलं. डेटाबेसचं इंजिन तर हे ओळखून असा लेफ्ट जॉइन आतल्या आत इनर करूनच चालवतं, मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये यावर वेगळा विभागच आहे.

आता यावर लोक जो उपाय करतात तो जास्त फसवा आहे. व्हेअरमध्ये जोडतात "ऑर आ.हंगाम इज नल". रन करून बघा: १०१, १०१, १०२, १०३, १०५. गायब झालेले परत आले म्हणून सगळे खूश. पण १०४ कुठेय? त्याची २०२३ ची एंट्री जुळली होती, त्यामुळे हंगाम नल नाही, आणि २०२४ पण नाही, म्हणून तो दोन्ही अटींतून निसटला. आणि हाच तो शेतकरी जो मागच्या वर्षी तुमच्याकडे माल घालत होता आणि यंदा दुसरीकडे गेला, म्हणजे ज्याला फोन करायचा म्हणून रिपोर्ट काढला तोच यादीत नाही. टेस्टिंगला जुन्या हंगामाचा डेटा नसेल तर हे कळतही नाही, पहिल्या वर्षी रिपोर्ट बरोबर चालतो आणि दुसऱ्या वर्षापासून चुकतो.

बरोबर जागा ऑनची:

लेफ्ट जॉइन आवक आ ऑन आ.प्लॉट_क्र = प.प्लॉट_क्र अँड आ.हंगाम = २०२४

आता सहा ओळी: १०१ दोनदा, बाकी चार एकेकदा, १०३, १०४, १०५ समोर किलो रिकामे. हेच पाहिजे होतं.

फक्त न आलेलेच पाहिजे असतील तर याच क्वेरीला व्हेअर आ.प्लॉट_क्र इज नल लावा, तीन प्लॉट मिळतील. उजव्या टेबलाची इज नल ही अट व्हेअरमध्येच शोभते. पण इज नल तपासायला असा कॉलम निवडा जो त्या टेबलात कधीच रिकामा नसतो, म्हणजे की कॉलम. किलोवर तपासलं तर ज्याची एंट्री झालीये पण वजन टाकायचं राहिलंय तोही गैरहजर म्हणून येतो. नॉट एक्झिस्ट्स वापरलं तरी चालतं. नॉट इन मात्र टाळा, आतल्या यादीत एक जरी नल निघाला तर पूर्ण उत्तर रिकामं येतं.

उलटी चूकही होते. डाव्या टेबलाची अट, समजा प.तालुका = 'दिंडोरी', ऑनमध्ये टाकली तर पाचही प्लॉट येतात, कारण ऑन डाव्या टेबलातलं काही काढतच नाही, फक्त जुळवायचं की नाही ते ठरवतं. डाव्याची अट व्हेअरमध्ये, उजव्याची ऑनमध्ये, हे पाठ करून टाका.

तिसरं: पुढच्या जॉइनने आधीचा मोडला का

प्लॉटला आवक लेफ्ट, आणि त्यापुढे आवकला ग्रेड टेबल साध्या जॉइनने जोडलं, ऑन ग.ग्रेड_क्र = आ.ग्रेड_क्र. ज्यांची आवक नाही त्यांचा ग्रेड_क्र नल, नल कशालाच जुळत नाही, ओळ गेली. एकदा लेफ्ट सुरू केला की त्याच्या मागून येणारं जे काही उजव्या टेबलाला जोडताय तेही लेफ्टच ठेवा. पाच-सात टेबलांच्या लांब क्वेरीत हे डोळ्याला दिसत नाही, अशा वेळी खालून एकेक जॉइन कमेंट करत जायचं आणि दर वेळी पहिल्या पायरीवरचा काउंट बघायचा, ज्या जॉइनला आकडा पडतो तोच दोषी.

काउंटचंही इथेच बघून घ्या. काउंट स्टार ओळी मोजतो, आणि न आलेल्या प्लॉटचीसुद्धा एक ओळ असतेच, म्हणून १०३ समोर १ येतो. काउंट आ.प्लॉट_क्र लिहा, ० येईल. बेरीज नल येत असेल तर नलऐवजी दुसरी किंमत देणारा कोअलेस वापरा, तो अ‍ॅक्सेस सोडून यातल्या सगळ्या डेटाबेसमध्ये चालतो. एनव्हीएल ओरॅकलचं, इफनल मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटचं, आणि इझनल तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये दोन किमती घेतं आणि मायएसक्यूएलमध्ये एकच घेऊन ० किंवा १ देतं, त्यामुळे इकडची क्वेरी तिकडे नेताना याच्यावर भरवसा नको.

चौथं: जुनी चिन्हं

लेफ्ट, राइट, फुल हे शब्द १९९२ च्या एसक्यूएल स्टँडर्डमध्ये आले. त्याच्या आधी प्रत्येक कंपनीने आपापलं चिन्ह काढलं होतं, आणि कारखान्यांत अजून तोच कोड जिवंत आहे, कारण चालतंय तोवर कोण हात लावणार. ओरॅकलमध्ये लेफ्ट जॉइन हे शब्द चालायला २००१ चं नाइन-आय व्हर्जन यावं लागलं, त्यामुळे त्याआधीचं सगळं अधिकच्या चिन्हात:

व्हेअर प.प्लॉट_क्र = आ.प्लॉट_क्र(+)

आणि सायबेस किंवा जुन्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तेच असं:

व्हेअर प.प्लॉट_क्र *= आ.प्लॉट_क्र

आता नीट बघा. दोन्ही ओळींचा अर्थ एकच, प्लॉट पूर्ण यावेत. पण ओरॅकलचा अधिक ज्या टेबलात रेकॉर्ड कमी पडतील त्याच्या बाजूला बसतो, आणि सायबेसचा तारा जे टेबल पूर्ण यायचंय त्याच्या बाजूला. बरोब्बर उलट. एका सिस्टिमवर हात बसलेला माणूस दुसरीकडचा कोड वाचतो आणि डावं-उजवं बदलून टाकतो, हे मी बऱ्याच ठिकाणी निस्तरलंय. रूपांतर करताना कोडावरून अंदाज बांधू नका, दोन्ही टेबलांचा काउंट घेऊन कोणतं पूर्ण येतंय ते बघा आणि मग लिहा.

त्याहून बारीक फरक पुढे आहे. ओरॅकलमध्ये अँड आ.हंगाम = २०२४ असं अधिकाशिवाय लिहिलं तर दुसऱ्या पायरीवरचाच घोळ, न आलेले गळतात. तिथे आ.हंगाम(+) = २०२४ लिहावं लागतं, उजव्या टेबलाच्या प्रत्येक अटीला अधिक पाहिजे. ताऱ्याच्या पद्धतीत मात्र हीच अट तशीच लिहिली तरी ती जुळवणीचाच भाग धरली जाते आणि न आलेले गळत नाहीत. म्हणून ताऱ्याची जुनी क्वेरी लेफ्ट जॉइनमध्ये बदलताना व्हेअरमधली अट व्हेअरमध्येच ठेवली तर उत्तर बदलतं, ती ऑनमध्ये न्यावी लागते. आणि ताऱ्याच्या क्वेरीत आ.प्लॉट_क्र इज नल लिहून कोणी न आलेले शोधत असेल तर ते उत्तर आधीपासूनच चुकीचं असण्याची दाट शक्यता आहे, कारण ती अटही जुळवणीतच जाते आणि मग कोणीच जुळत नाही, सगळेच न आलेले दिसतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ पासून कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कोणत्या व्हर्जनसारखा वागेल ती सेटिंग) ९० ला हा तारा बंद झाला, एरर ४१४७ येते. लेव्हल ८० वर ठेवून लोकांनी वेळ मारून नेली, पण २०१२ च्या व्हर्जनने ती ८० लेव्हलच काढून टाकली. जुन्या सर्व्हरवरून थेट नव्यावर जाणाऱ्यांचे रिपोर्ट एका रात्रीत बंद पडतात ते यामुळे.

ओरॅकलच्या एरर ओळखून ठेवा. ओआरए-२५१५६ म्हणजे अधिक आणि लेफ्ट जॉइन एकाच क्वेरीत मिसळलंय. ओआरए-०१७१९ म्हणजे ऑर किंवा इनच्या आत अधिक घातलाय. ओआरए-०१४६८ म्हणजे एकाच अटीत दोन्हीकडे अधिक, फुल जॉइन करायचा प्रयत्न, तो या चिन्हाने होत नाही. ओआरए-०१४१७ म्हणजे एक टेबल दोन टेबलांशी आउटर जोडलंय, ट्वेल्व्ह-सीपासून हे शिथिल झालं, जुन्यावर अडतं. चारही एररवर माझा उपाय एकच, क्वेरी पूर्णच्या पूर्ण लेफ्ट जॉइनमध्ये लिहून काढा. अर्धी जुनी अर्धी नवी ठेवू नका.

तसंच स्वल्पविरामाचं. फ्रॉम प्लॉट प, तालुका त लेफ्ट जॉइन आवक आ ऑन आ.प्लॉट_क्र = प.प्लॉट_क्र असं लिहिलं तर मायएसक्यूएल ५.०.१२ पासून म्हणतं की प.प्लॉट_क्र हा कॉलमच माहीत नाही. कारण जॉइन आधी बांधला जातो आणि स्वल्पविराम नंतर, त्यामुळे ऑनला फक्त तालुका आणि आवक दिसतात, प्लॉट दिसतच नाही. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरही इथे एरर देतात, शब्द वेगळे. स्वल्पविराम काढा, सगळं जॉइनने लिहा.

राइट जॉइन चालतो जवळपास सगळीकडे, पण मी वापरत नाही. पूर्ण येणारं टेबल कायम पहिलं आणि पुढे सगळे लेफ्ट, म्हणजे वाचणाऱ्याला वरून खाली सरळ जाता येतं. मायएसक्यूएल तर राइटचा पार्स करतानाच लेफ्ट करून घेतं. एसक्यूलाइटमध्ये राइट आणि फुल दोन्ही जून २०२२ च्या ३.३९.० मध्ये आले, मोबाइल अ‍ॅपमध्ये बसलेलं एसक्यूलाइट बऱ्याचदा त्याहून जुनं असतं.

पाचवं: फुल जॉइन

पॅकहाऊसला याची गरज खरी असते. वजनकाट्याच्या पावत्या एका टेबलात, आवक रजिस्टर दुसऱ्यात, आणि पाहिजे असतं दोन्हीकडचं न जुळलेलं: काट्यावर वजन झालं पण रजिस्टरला नोंद नाही, आणि रजिस्टरला नोंद आहे पण काट्याची पावती नाही. दोन्ही प्रकार पैशाचे आहेत.

ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस यांत फुल आउटर जॉइन सरळ चालतो. पोस्टग्रेसमध्ये अट बरोबरच्या चिन्हाची ठेवा, तारीख या दोन तारखांच्या मधे अशी अट दिली तर ते स्पष्ट सांगतं की फुल जॉइन फक्त मर्ज किंवा हॅश होणाऱ्या अटीवरच चालेल.

मायएसक्यूएलमध्ये फुल जॉइन नाही, आणि इथे एक वाईट सापळा आहे. फुल आउटर जॉइन लिहिलं तर १०६४ ची सिंटॅक्स एरर येते, ते ठीक, माणूस सावध होतो. पण कोणी आउटर गाळून असं लिहिलं:

फ्रॉम पावती फुल जॉइन आवक युझिंग (पावती_क्र)

तर क्वेरी चालते, नव्या व्हर्जनला फार तर एखादी वॉर्निंग येते. कारण फुल हा तिथे राखीव शब्द नाही, मायएसक्यूएल त्याला पावती टेबलाचं टोपणनाव समजतं आणि पुढचा जॉइन साधा इनर म्हणून चालवतं. म्हणजे न जुळलेलं शोधायला लिहिलेली क्वेरी फक्त जुळलेलंच दाखवते, एरर शून्य, आणि सगळं जुळतंय असं बघून महिना बंद होतो. तुमच्याकडे अशी क्वेरी कुठे असेल तर आजच शोधा.

उपाय दोन भागांत. पहिला भाग पावतीला आवक लेफ्ट जॉइन. दुसरा भाग आवकला पावती लेफ्ट जॉइन, व्हेअर पावतीची की इज नल. मधे युनियन ऑल, ते दोन्ही उत्तरं एकाखाली एक लावतं. नुसतं युनियन बऱ्याच ठिकाणी सुचवलेलं दिसेल, ते सारख्या ओळी एक करून टाकतं, आणि तुम्ही पावती नंबर न घेता फक्त प्लॉट आणि वजन निवडलं असेल तर एकाच प्लॉटच्या सारख्या वजनाच्या दोन खऱ्या खेपा एकच होतात. शेतकऱ्याची एक गाडी कागदावरून पुसली जाते, म्हणून युनियन ऑलच वापरा.

अ‍ॅक्सेसमध्येही फुल नाही, हीच युक्ती चालते. तिथे दोनपेक्षा जास्त टेबलं जोडताना कंस घालावेच लागतात, आणि अँबिग्युअस आउटर जॉइन्स अशी तक्रार आली तर एक जॉइन वेगळी क्वेरी म्हणून सेव्ह करून ती दुसऱ्या क्वेरीत टेबलासारखी वापरा.

सहावं: कोड जुळतात असं वाटतं, पण जुळत नाहीत

इथून पुढे वेळ लागतो, कारण दोष क्वेरीत नाही, डेटात आहे. न जुळलेला एकच रेकॉर्ड पकडा, जो जुळायलाच पाहिजे होता असा, दोन्ही टेबलांतला त्याचा कोड काढा आणि लांबी मोजा. डोळ्यांनी बघून उपयोग नाही.

लांबी वेगळी निघाली तर शेवटची स्पेस किंवा पुढचा शून्य बघा. एक्सेलमधून आणलेल्या डेटात ०१०१ चा १०१ झालेला असतो, एक्सेल पुढचा शून्य खातं. मायएसक्यूएल आकडा आणि मजकूर यांची तुलना आकड्यात करून ते जुळवून घेतं, पोस्टग्रेस थेट एरर देतं, आणि दोन्ही मजकूर असतील तर कोणीच जुळवत नाही. ओरॅकलमध्ये एकीकडे कॅर दहा (ठरलेल्या लांबीचा कॉलम) आणि दुसरीकडे व्हारकॅर-टू (लागेल तेवढ्या लांबीचा) असेल तर कॅरच्या मागच्या स्पेसमुळे जुळत नाही, ट्रिम लावून बघा.

लांबी सारखी तरी जुळत नसेल तर रोमन अक्षरं कॅपिटल-स्मॉल बघा. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या सेटिंगला हा फरक मानत नाहीत, ओरॅकल आणि पोस्टग्रेस मानतात. सर्व्हर बदलल्यापासून नावं गळतात या लक्षणाचं हे ठरलेलं कारण आहे.

दुसरं ठरलेलं कारण रिकामी जागा. जमिनीचा जोड गट नंबर आणि पोटहिस्सा या दोन कॉलमवर केलेला असतो आणि बहुतेकांचा पोटहिस्सा रिकामा. मायएसक्यूएल, पोस्टग्रेसमध्ये रिकामी स्ट्रिंग रिकाम्या स्ट्रिंगला जुळते. ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नलच धरतं, आणि नल नलला जुळत नाही, त्यामुळे ओरॅकलवर गेल्या गेल्या पोटहिस्सा नसलेले सगळे गट न जुळलेले होतात. दोन्ही बाजूंना कोअलेस लावून रिकाम्याऐवजी '-' धरा. इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) मात्र त्यामुळे वापरला जाईलच असं नाही, टेबल मोठं असेल तर कॉलममध्येच '-' भरून ठेवणं बरं.

मराठी नावांवर जोड करत असाल तर तो बंद करा, खरंच सांगतो. 'ऱ्ह' असलेलं गावाचं नाव युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे टाइप होतं, ऱ हे एक अक्षर म्हणूनही साठतं आणि र अधिक खालचा नुक्ता असंही, स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखी. जोड कायम कोडवर, नाव फक्त दाखवायला.

सातवं: बेरीज फुगते

१०१ च्या आवकच्या दोन ओळी. त्याच शेतकऱ्याला हंगामात तीनदा उचल दिलेली आहे. प्लॉटला आवक लेफ्ट आणि उचल लेफ्ट एकाच क्वेरीत जोडलं की दोन गुणिले तीन, सहा ओळी, आणि २००० किलोचे ६००० किलो होतात. उचलही दुप्पट. डिस्टिंक्टने हे झाकू नका, दोन खेपा एकाच वजनाच्या असल्या की खरी खेप गळते. आवकची प्लॉटनिहाय बेरीज आतल्या क्वेरीत आधी करा, उचलीची तशीच वेगळी करा, म्हणजे प्रत्येकी एका प्लॉटला एकच ओळ राहते, आणि मग दोन्ही प्लॉटला लेफ्ट जोडा.

एक छोटी गोष्ट, क्रमाची. नल असलेल्या ओळी चढत्या क्रमात ओरॅकल आणि पोस्टग्रेस शेवटी ठेवतात, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट आधी. रिपोर्टमध्ये पहिल्या पन्नासच ओळी दाखवत असाल तर न आलेले शेतकरी एकीकडे दिसतात आणि दुसरीकडे पार कापले जातात.

इथे थांबा आणि डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) बोलवा

वरचं सगळं नुसत्या सिलेक्टवर चालतं, त्याने काही बिघडत नाही. पण पुढच्या ठिकाणी स्वतः हात घालू नका.

चालू सर्व्हरवर कोड दुरुस्त करायला अपडेट मारायचा असेल, स्पेस काढायच्या, शून्य लावायचे, तर बॅकअप आणि परवानगीशिवाय नाही, आणि द्राक्षाच्या ऐन हंगामात, जानेवारी ते एप्रिल, तर मुळीच नाही. त्या कोडावर पावत्या, लेबलं, निर्यातीचे कागद लटकलेले असतात.

दोष विकत घेतलेल्या पॅकेजच्या व्ह्यूमध्ये (साठवून ठेवलेल्या क्वेरीत) निघाला तर तो व्ह्यू बदलू नका, पुढच्या अपडेटला बदल पुसला जाईल आणि सपोर्टवाले हात वर करतील. त्यांना लेखी कळवा.

प्रोसीजरमध्ये (सर्व्हरवर साठवलेल्या कोडात) जागोजागी ताऱ्याची चिन्हं असतील आणि सर्व्हर अपग्रेड ठरला असेल, तर ते एकट्याने रात्रीतून करायचं काम नाही. प्रत्येक रिपोर्टचा जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून तपासावा लागतो.

क्वेरी बरोबर आहे पण लेफ्ट केल्यापासून चालतच राहते, बाकीच्यांचं काम अडतंय, तर ती बंद करा आणि एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा) जाणणाऱ्या माणसाला द्या. उजव्या टेबलाच्या जोड कॉलमवर इंडेक्स आहे का एवढं बघायला हरकत नाही, चालू सर्व्हरवर इंडेक्स बनवायला मात्र आहे, बनताना टेबल लॉक होऊ शकतं.

डेटा तोच, क्वेरी तीच, आणि इंडेक्स लावला-काढला की उत्तर बदलतं, असं दिसलं तर तो तुमचा दोष नसून इंजिनचा बग किंवा खराब झालेला इंडेक्स असू शकतो. इथे अजिबात प्रयोग नकोत.

आणि चुकलेल्या रिपोर्टवरून पेमेंट किंवा उचल आधीच वाटली गेली असेल, तर क्वेरी सुधारायच्या आधी अकाउंट्सला आणि सीएंना सांगा. जुन्या आकड्याची प्रिंट काढून ठेवा, नंतर तो आकडा परत मिळत नाही.

डीबीएकडे जाताना "रिपोर्ट चुकतोय साहेब" एवढंच घेऊन जाऊ नका. डेटाबेसचं नाव आणि पूर्ण व्हर्जन नंबर, क्वेरी जशीच्या तशी, डाव्या टेबलाचा काउंट आणि क्वेरीचा काउंट, आणि यायला पाहिजे होता पण आला नाही अशा एका रेकॉर्डचा कोड, आपल्या उदाहरणात १०४, एवढं एका मेलमध्ये टाका.